त्र्याण्णवाव्या वर्षी सोडलेला देश

माणसे देश सोडतात ती बहुधा ऐन उमेदीत. कोणी पोटासाठी सोडतो, कोणी विद्येसाठी, कोणी पोलिसांचा ससेमिरा चुकवण्यासाठी. वय झालेली माणसे उलट गावाकडे परततात. आपली हाडे आपल्याच मातीत पडावीत असे त्यांना वाटते. ५ ऑक्टोबर १९६१ रोजी न्यूयॉर्कहून पश्चिम आफ्रिकेतील घानाकडे निघालेल्या एका प्रवाशाचे वय मात्र त्र्याण्णव वर्षांचे होते. हार्वर्ड विद्यापीठाची पीएच. डी. मिळवणारा हा पहिला कृष्णवर्णीय. समाजशास्त्रज्ञ, इतिहासकार, संपादक, कादंबरीकार, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीचा अर्धशतकभराचा वैचारिक आधार. दीड वर्षाच्या आत हा गृहस्थ घानाचा नागरिक झाला. तो अमेरिकेत पुन्हा परतला नाही.

विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस हे त्यांचे संपूर्ण नाव. आडनाव फ्रेंच वळणाचे असल्यामुळे विद्वान मंडळी त्याचा उच्चार ‘द्युब्वा’ असा करतात. परंतु ते स्वतः ‘ड्यू बॉइस’ असाच उच्चार करीत आणि कोणी चुकले तर दुरुस्तही करीत. तेव्हा आपणही त्यांच्याच मर्जीने चालू.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावी झाला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला त्या १८७३ साली हा मुलगा पाच वर्षांचा होता. वडील तो तान्हा असतानाच घर सोडून गेले. आईने मोलमजुरी करून त्याला वाढवले. आईच्या घराण्यात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या एका पूर्वजेचे गाणे पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. त्याचे शब्द कोणालाच कळत नसत, तरी मुलाबाळांना ते शिकवले जाई. आफ्रिकेशी या मुलाचे नाते होते ते एवढेच, एका न कळणाऱ्या गाण्यापुरते.

गावात कृष्णवर्णीयांची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. गोऱ्या मुलांबरोबर शिकताना आपण वेगळे आहोत हे त्याला बराच काळ जाणवलेच नाही. एकदा शाळेतील मुलामुलींनी हौसेने भेटीची कार्डे विकत आणून एकमेकांना देण्याचा खेळ मांडला. नव्यानेच आलेल्या एका मुलीने याचे कार्ड एका कटाक्षात नाकारले. प्रसंग क्षुल्लक, पण आपल्या आणि इतरांच्या मध्ये एक पडदा आहे हे त्याला त्या दिवशी कळले. पुढे त्यांच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकात या पडद्याची प्रतिमा पानोपानी आली आहे. आपल्यापैकी अनेकांना असे ‘कार्ड’ कधी ना कधी नाकारले गेले असेल. पाणवठ्यावर, पंगतीत, किंवा भाड्याची खोली पाहताना.

१८८५ साली आई गेली. मुलाची हुशारी पाहून गावातल्या चर्चनी वर्गणी काढली आणि त्याला शिकायला पाठवले. त्याला हार्वर्डला जायचे होते. वर्गणी देणाऱ्यांनी मात्र दक्षिणेतील नॅशव्हिल येथील फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाची निवड केली. गैरसोयीची वाटलेली ही निवडच फळाला आली असे म्हटले पाहिजे. सुटीत टेनेसीच्या खेड्यांत जाऊन तो शाळा चालवी. गुलामगिरीतून सुटलेल्या पण जमीन नसलेल्या, कर्जात बुडालेल्या माणसांचे जिणे त्याला तेथे प्रथम पाहायला मिळाले. पुढे हार्वर्डला प्रवेश मिळाला. १८९० मध्ये बी. ए., १८९१ मध्ये एम. ए. शिष्यवृत्तीवर दोन वर्षे बर्लिन विद्यापीठात काढली. जर्मनीत गोरी माणसे आपल्याशी साधेपणाने वागतात याचे त्यांना नवल वाटले. १८९३ साली पंचविसाव्या वाढदिवसाच्या रात्री त्यांनी बर्लिनमधील खोलीत एकट्यानेच मेणबत्त्या लावून आपले आयुष्य आपल्या लोकांच्या उन्नतीला वाहण्याची शपथ घेतली. शिष्यवृत्तीची मुदत वाढवून मिळाली नाही आणि बर्लिनची पदवी थोडक्यात हुकली. १८९५ मध्ये हार्वर्डने डॉक्टरेट दिली. आफ्रिकेतून होणारा गुलामांचा व्यापार कसा दडपला गेला, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय.

त्या काळात डॉ. ड्यू बॉइस यांची श्रद्धा ज्ञानावर होती. वंशद्वेष हा अज्ञानाचा परिणाम आहे, लोकांपुढे अभ्यास करून सत्य मांडले की तो नाहीसा होईल, असे त्यांना मनापासून वाटे. फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्तीचा त्यांनी घरोघर जाऊन अभ्यास केला. तेथील विद्यापीठाने त्यांना ना बसायला जागा दिली, ना शिकवायला वर्ग. नवपरिणीत पत्नी नीना हिच्यासह ते त्याच वस्तीत एका खानावळीवरच्या खोलीत राहिले. १८९९ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ अमेरिकन समाजशास्त्रातील पायाभूत अभ्यासांपैकी एक मानला जातो.

त्याच वर्षी ज्ञानावरची ही श्रद्धा हादरली. ड्यू बॉइस तेव्हा जॉर्जिया राज्यात अटलांटा विद्यापीठात शिकवीत होते. एप्रिलमध्ये सॅम होज नावाच्या शेतमजुराला जमावाने हालहाल करून जिवंत जाळले. ड्यू बॉइस यांनी घटनेची वस्तुस्थिती मांडणारे संयमी पत्र लिहिले आणि ते वर्तमानपत्राच्या कचेरीत देण्यासाठी निघाले. वाटेत कळले की होजच्या बोटांची हाडे पुढच्या एका वाण्याच्या दुकानात लोकांना पाहायला मांडून ठेवली आहेत. ते तसेच माघारी फिरले. पत्र खिशातच राहिले. माणसे जाळली जात असताना थंड डोक्याने आकडेमोड करणारा शास्त्रज्ञ होऊन राहता येणार नाही, असे त्यांनी पुढे या प्रसंगाविषयी लिहिले आहे.

महिन्याभराने त्यांचा दीड वर्षाचा मुलगा बर्गहार्ट घटसर्पाने गेला. अटलांटात कृष्णवर्णीय डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गोऱ्या डॉक्टरांची दारे बंद. मुलाला त्यांनी जॉर्जियाच्या मातीत पुरले नाही. ते लहानगे कलेवर घेऊन आईबाप शेकडो मैलांवरच्या ग्रेट बॅरिंग्टनला गेले. नीनाबाई त्या आघातातून पुरत्या कधी सावरल्या नाहीत.

१९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या निबंधसंग्रहाने ड्यू बॉइस यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यात त्यांनी बुकर टी. वॉशिंग्टन या त्या वेळच्या सर्वमान्य कृष्णवर्णीय पुढाऱ्यावर टीका केली. हातकामाचे शिक्षण घ्या, पैसा कमवा, मतदानाचा आणि समानतेचा आग्रह तूर्त सोडा, असा वॉशिंग्टन यांचा सल्ला होता. हक्क सोडून मिळवलेला पैसाही सुरक्षित राहत नाही, हे ड्यू बॉइस यांचे म्हणणे. आधी सामाजिक की आधी राजकीय, या आपल्याकडील वादाची येथे कोणालाही आठवण होईल, पण दोन्हींची जात वेगळी आहे, म्हणून ती तुलना फार ताणत नाही. वादाचे पर्यवसान १९०५ च्या नायगारा चळवळीत आणि १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एन. ए. ए. सी. पी. या संस्थेत झाले. तिचे ‘द क्रायसिस’ हे मासिक नोव्हेंबर १९१० मध्ये एक हजार प्रतींनी सुरू झाले आणि १९१९ पर्यंत लाखाच्या घरात पोचले. ड्यू बॉइस त्याचे चोवीस वर्षे संपादक होते. जमावाने केलेल्या हत्यांची वार्षिक मोजदाद, नव्या कवींच्या कविता, पदवीधर झालेल्या मुलामुलींची छायाचित्रे, हे सारे एकाच अंकात असे. ‘निग्रो’ हा शब्द त्या काळी सर्रास वापरला जाई, परंतु त्याचे आद्याक्षर छापताना मुद्दाम लहान ठेवीत. ते मोठे छापावे म्हणून या माणसाने वर्षानुवर्षे भांडण मांडले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला ते १९३० साली पटले.

अमेरिकेवर त्यांची निष्ठा नव्हती असे म्हणणाऱ्यांनी १९१८ सालचा ‘क्रायसिस’ पाहावा. पहिले महायुद्ध चालू असताना आपल्या तक्रारी तूर्त बाजूला ठेवून गोऱ्या देशबांधवांच्या खांद्याला खांदा लावून लढा, असे आवाहन त्यांनी केले. स्वकीयांनीच त्यांना त्याबद्दल फैलावर घेतले. युद्ध संपले, शिपाई परतले आणि १९१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. सैनिकांचा गणवेश अंगावर असलेलेही मारले गेले. ही फसगत ड्यू बॉइस विसरले नाहीत.

याच सुमारास मार्कस गार्वी या जमैकन पुढाऱ्याने आफ्रिकेत परत चला अशी हाक देऊन लाखो लोकांना भारून टाकले होते. ड्यू बॉइस यांनी त्याची कठोर, कधी कधी तर बोचरी टर उडवली. आमच्या पूर्वजांच्या घामावर उभा राहिलेला हा देश आमचाही आहे, तो सोडून का जायचे, हा त्यांचा सवाल होता. गार्वीला आफ्रिकेत पाऊल टाकणे कधीच जमले नाही. त्याची टर उडवणारा मात्र शेवटी आफ्रिकेच्या मातीत विसावला. इतिहासालाही विनोदबुद्धी असावी!

भारताशी त्यांचा संबंध जुना. लाला लजपतराय पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत होते तेव्हा दोघांचा स्नेह जमला. १९२८ च्या ‘डार्क प्रिन्सेस’ या कादंबरीची नायिका कौटिल्या नावाची एक हिंदुस्थानी राजकन्या आहे. (कलाकृती म्हणून ती फारशी जमलेली नाही, हेही सांगायला हवे.) १९२९ मध्ये गांधीजींचा संदेश ‘क्रायसिस’मध्ये छापला गेला. पण मराठी वाचकाला विशेष वाटावे असे पत्र १९४६ च्या जुलैतले आहे. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलेले आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्याच शहरातून तेव्हा ‘क्रायसिस’ निघत होता. परंतु दोघांची भेट झाल्याचा उल्लेख पत्रात नाही. आपण निग्रोंच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत, अस्पृश्यांची स्थिती आणि त्यांची स्थिती यांत मोठे साम्य आहे, असे सांगून त्यांनी अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांच्या वतीने तसाच अर्ज करण्याचा त्यांचा विचार होता. ड्यू बॉइस यांनी महिन्याच्या आतच उत्तर पाठवले, बाबासाहेबांचे नाव आपल्याला परिचित असल्याचे सांगितले आणि मदतीचे आश्वासन दिले. दोन्ही पत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेली आहेत.

ड्यू बॉइस यांच्या संपादकत्वाखालचा एन. ए. ए. सी. पी. चा अर्ज १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे गेला आणि तेथेच अडकला. आपल्या घरची धुणी जगाच्या चव्हाट्यावर धुतली जावीत हे अमेरिकन सरकारला नको होते. सोव्हिएत संघाने अर्जाची बाजू घेतल्यामुळे तर तो अधिकच संशयास्पद ठरला. १९४८ मध्ये संस्थेने आपल्या या संस्थापकाला नोकरीतून दूर केले.

यापुढची हकीकत शीतयुद्धाची आहे. १९५० मध्ये ड्यू बॉइस अणुबाँबवर बंदी मागणाऱ्या एका शांतता केंद्राचे अध्यक्ष झाले. केंद्र काही महिन्यांतच बंद पडले, तरी फेब्रुवारी १९५१ मध्ये परकीय सत्तेचे नोंदणी न केलेले हस्तक म्हणून त्यांच्यावर व त्यांच्या चार सहकाऱ्यांवर खटला भरण्यात आला. गुन्हा शाबीत झाल्यास पाच वर्षे तुरुंगवास. नीनाबाई आदल्या वर्षी वारल्या होत्या. लेखिका शर्ली ग्रॅहम यांच्याशी त्यांचे लग्न ठरले होते. ते घाईने उरकण्यात आले, कारण तुरुंगात भेटायला जाण्याचा हक्क पत्नीलाच असतो. दोन दिवसांनी वॉशिंग्टनच्या न्यायालयात या म्हाताऱ्याचे ठसे घेतले गेले, हातांत बेड्या पडल्या. त्र्याऐंशीव्या वाढदिवसाची मेजवानी ज्या हॉटेलात ठरली होती त्याने ऐन वेळी अंग काढून घेतले. ती हार्लेममधल्या एका उपाहारगृहात करावी लागली.

नोव्हेंबरमध्ये खटला उभा राहिला. सरकारपाशी पुरावा नव्हता. प्रत्यक्ष आल्बर्ट आइन्स्टाइन साक्षीला यायला तयार होते, पण बचावाचे साक्षीदार उभे करण्याची पाळीच आली नाही. न्यायाधीशांनी आरोप फेटाळून लावले. ड्यू बॉइस सुटले. मात्र ज्या शिकल्यासवरल्या कृष्णवर्णीय वर्गासाठी त्यांनी आयुष्य वेचले होते, त्यातले बहुतेक प्रतिष्ठित या काळात त्यांच्या दारी फिरकले नाहीत. कामगार संघटना आणि साध्या माणसांनी वर्गण्या धाडल्या. ही जखम सरकारने केलेल्या जखमेपेक्षा खोल होती, असे मला त्यांचे चरित्र वाचताना वाटले.

आणि मग पारपत्र! खटल्यातून सुटलेल्या माणसाला सरकारने घरातच कोंडले. आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नाही असे लिहून द्या, म्हणजे पारपत्र देऊ, अशी अट होती. ते तेव्हा खरोखरच सभासद नव्हते. पण माझ्या मतांची चौकशी करणारे तुम्ही कोण, या मुद्द्यावर त्यांनी लिहून देण्याचे नाकारले. १९५५ ची बांडुंग परिषद हुकली. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. १९४५ च्या मँचेस्टर येथील अखिल आफ्रिकी परिषदेत ज्याला त्यांनी कार्यकर्ता म्हणून पाहिले होते, तो क्वामे एन्क्रुमा पंतप्रधान म्हणून शपथ घेत होता. त्याने अगत्याने बोलावले. या गृहस्थाला मात्र जाता आले नाही. १९५८ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतांच्या कारणावरून पारपत्र अडवण्यास मनाई केली, तेव्हा कोठे दार उघडले. मग युरोप, रशिया, चीन असा दौरा झाला. पूर्व बर्लिनमध्ये हुकलेल्या त्या जुन्या विद्यापीठाने चौसष्ट वर्षांनी त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

१९६० मध्ये घाना प्रजासत्ताक झाला, तेव्हा एन्क्रुमा यांनी एक जुने स्वप्न त्यांच्यापुढे ठेवले. आफ्रिकेचा विश्वकोश करण्याची कल्पना ड्यू बॉइस यांना १९०९ मध्येच सुचली होती. तीसच्या दशकात प्रयत्नही झाला, पैशाअभावी बारगळला. आता एक सरकार पैसा द्यायला तयार होते. १९६१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कम्युनिस्टांच्या नोंदणीचा कायदा उचलून धरला. त्या कायद्यातच कम्युनिस्टांना पारपत्र नाकारण्याचे कलम होते. पुन्हा दार बंद होणार हे दिसत होते. १ ऑक्टोबर रोजी ड्यू बॉइस यांनी कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदत्वासाठी जाहीरपणे अर्ज केला आणि चार दिवसांनी देश सोडला. इतकी वर्षे जो आरोप नाकारायलाही ते तयार नव्हते, तो जाताना त्यांनी स्वतःहून खरा करून टाकला.

येथे भक्तिभाव बाजूला ठेवून एक-दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत. अमेरिकेच्या दांभिकपणावर अचूक बोट ठेवणारी ही नजर इतरत्र मात्र अधू होत असे. १९५३ मध्ये स्टालिन वारल्यावर त्यांनी त्याच्यावर गौरवपर लेख लिहिला. १९५९ मध्ये चीनमध्ये त्यांचा मोठा सत्कार झाला. खेड्यांत भीषण दुष्काळ सुरू होत होता, तो त्यांना दिसला नाही किंवा दाखवला गेला नाही. घानातही विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा १९५८ पासून होता. ज्या ऑक्टोबरात ड्यू बॉइस आक्राला उतरले, त्याच महिन्यात तेथील ज्येष्ठ विरोधी नेते जे. बी. डांक्वा यांना स्थानबद्ध करण्यात आले; पुढे १९६५ मध्ये ते तुरुंगातच वारले. एका देशातील अन्यायाला कंटाळून दुसऱ्या देशात गेलेला माणूस यजमानाच्या घरातील अन्यायाविषयी गप्प बसतो, हे नवे नाही. पण ज्याच्या बोलण्याला वजन होते असा माणूस गप्प बसला, म्हणून ते जास्त खटकते. त्यांचे चाहते वयाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. याच वयात विश्वकोशाच्या योजना आखण्याइतकी त्यांची बुद्धी तल्लख होती.

आक्रामध्ये सरकारने त्यांना बंगला दिला. कोशाचे कार्यालय उघडले, आफ्रिकाभरच्या विद्वानांशी पत्रव्यवहार सुरू झाला. प्रकृती मात्र ढासळत चालली, शस्त्रक्रिया झाल्या. १९६३ च्या आरंभी पारपत्राची मुदत संपत आली, तेव्हा अमेरिकन वकिलातीने त्याचे नूतनीकरण करण्यास नकार दिला. कम्युनिस्टाने ते जवळ बाळगणे हाच गुन्हा होता. मग त्यांनी घानाचे नागरिकत्व स्वीकारले. अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी फेकून दिले, असे अनेक ठिकाणी मोठ्या तावाने लिहिलेले आढळते. खरे पाहता त्यांनी ते रीतसर टाकले नव्हते. कोणी कोणाला आधी सोडले, हे ठरवणे इतके सोपे नाही.

२७ ऑगस्ट १९६३ च्या रात्री ते वारले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख लोकांचा मोर्चा जमला होता, ज्यात मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते प्रसिद्ध भाषण झाले. तेथे एन. ए. ए. सी. पी. चे रॉय विल्किन्स यांनी व्यासपीठावरून ही वार्ता सांगितली आणि जमाव क्षणभर स्तब्ध उभा राहिला. ज्या संस्थेने त्यांना काढले होते, तिच्याच कार्यवाहाने हे सांगावे असा योग होता. आक्रामध्ये सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला. समुद्राकाठच्या ज्या किल्ल्याजवळ त्यांना पुरले, तो डॅनिश व्यापाऱ्यांनी बांधलेला. गुलामांची खरेदीविक्री तेथूनच चाले.

पुढच्याच वर्षी, जून १९६४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कम्युनिस्टांना पारपत्र नाकारणारे ते कलम घटनाबाह्य ठरवले. दहा महिने उशीर झाला होता. १९६६ मध्ये घानात लष्करी उठाव होऊन एन्क्रुमा पदच्युत झाले आणि शर्लीबाईंना देश सोडावा लागला. १९७७ मध्ये त्या बीजिंगमध्ये वारल्या. ड्यू बॉइस यांचे अवशेष पुढे त्यांच्या बंगल्याच्या आवारात हलवण्यात आले आणि १९८५ पासून तेथे त्यांचे स्मारक आहे. विश्वकोशाच्या नियोजित खंडांपैकी थोडे चरित्रखंड तेवढे निघाले. नीनाबाई, घटसर्पाने गेलेला बर्गहार्ट आणि वडिलांनी देश सोडला त्याच वर्षी वारलेली कन्या योलांडे ही तिघे ग्रेट बॅरिंग्टनच्या स्मशानभूमीत आहेत.